चष्मा काढा म्हणे!

आज टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीला, सेफ्टीवाल्या साहेबांनी अख्ख्या लाइनसमोर मला उभं केलं. का, तर काल ग्राइंडरवर माझा गॉगल नाकाच्या शेंड्यावर होता. असणारच! आत चष्मा आहे, तो काय खिशात ठेवू? तर हे महाशय म्हणतात, "काका, मग चष्मा काढून गॉगल घाला ना." पोरं फिदीफिदी हसली. चष्मा काढून! ग्राइंडरवर! अरे, चष्मा काढला की व्हील कुठं संपतं आणि माझा अंगठा कुठं सुरू होतो तेच कळत नाही मला. डोळा वाचेल, बोट जाईल. बोटाचा ॲक्सिडेंट रिपोर्ट मग तूच भर. आणि काका कोणाला रे? चाळिशी लागली म्हणून लगेच काका?

चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. नंबरच्या पॉलिकार्बोनेट काचांचे सेफ्टी चष्मेही मिळतात. स्टोअरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंडेंट टाकलाय," म्हणजे मागणीपत्र दिलंय. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात, कलम 35 मध्ये, योग्य गॉगल द्या असं लिहिलं होतं. योग्य म्हणजे परचेसला सगळ्यात स्वस्त पडतील ते. घाम आला की काचांवर धुकं, घरबसल्या महाबळेश्वर.

वार्षिक मेडिकलचं तर नावच काढू नका. सहा मीटरवरचा तक्ता वाचा, शिक्का, चला पुढचा! पुढच्याचं ऐकून ऐकून तो तक्ता मला पाठ झालाय. आणि मी काय सहा मीटरवरून काम करतो? व्हर्नियरवरच्या, म्हणजे मापाच्या पट्टीवरच्या, 0.02 मिलिमीटरच्या रेषा जवळून बघायच्या असतात, ती नजर कोण तपासणार? त्यात ए3 चं ड्रॉइंग ए4 वर झेरॉक्स करून देतात. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, ओळखा पाहू!

लेथवरची ती फडफडणारी ट्यूब वेगळीच. तिच्या उजेडात फिरता चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. मेंटेनन्स म्हणतं, जळली की बदलू. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, मात्र शपथ, बॅनर, घोषवाक्य स्पर्धा आणि समोसा.

घरी येऊन हे सगळं तावातावानं सांगितलं, तर बायको म्हणाली, आधी चष्मा पुसा, मग भांडा. काचेवर बोटभर तेल होतं, खरंय. आता फोनवर फॉन्ट एवढा मोठा ठेवून लिहितोय की समोरच्या खिडकीतला माणूसही वाचत असेल. वाच बाबा, तू पण वाच.

चष्म्यावर नीट बसणारा, न धुरकटणारा गॉगल कोणी वापरत असेल तर सांगा. पदरचे पैसे घालून घेतो. बिल मात्र साहेबांच्या टेबलावर जाणार.