स्वस्त कोळशाचं उरलेलं बिल

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेट्रोलचा विषय महिन्यातून एकदा तरी निघतोच. बाजू ठरलेल्या आहेत. एक जण म्हणतो, शंभरी कधीच ओलांडली, सरकार नुसतं लुटतंय. दुसरा लगेच मला मध्ये ओढतो, "भाऊ, तुमच्या जर्मनीत लिटरला काय पडतं ते सांग बरं याला." मी सांगतो, एक युरो सत्तर सेंटच्या आगेमागे, म्हणजे आपले साधारण एकशे सत्तर रुपये. झालं. पुढचा मेसेज तयारच असतो, "बघा, आणि तिथे कोणी बोंबलत नाही!"

बोंबलतात हो. चांगले बोंबलतात. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये इथे लिटरचा भाव दोन युरोंच्या वर गेला, तेव्हा इतकी आरडाओरड झाली की जून ते ऑगस्ट सरकारला पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे पस्तीस सेंटने कमी करावा लागला. एरवीही इथले पंप दिवसातून कितीतरी वेळा भाव बदलतात, आणि चांगल्या पगाराची माणसं मोबाईलवर भाव बघत संध्याकाळपर्यंत टाकी भरायची थांबतात.

फरक दुसरीकडे आहे. त्याच तीन महिन्यांत नऊ युरोचा पास काढला की महिनाभर देशातल्या कुठल्याही बसमध्ये, ट्राममध्ये, पॅसेंजर गाडीत बसता येत होतं. पुढे २०२३ मध्ये तोच प्रकार ४९ युरोंना सुरू झाला आणि २०२५ मध्ये ५८ वर गेला. महागला, पण आहे. ज्याला पेट्रोल परवडत नाही त्याला दुसरी वाट आहे. आमच्या चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाने मोटारसायकल सोडून कशाने जायचं? जर्मनीत कायद्याने ठरलेल्या किमान मजुरीत एका तासात सात-आठ लिटर पेट्रोल येतं. आपल्याकडच्या गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला तेवढ्यासाठी एक दिवसाची मजुरीही पुरत नाही. तेव्हा रुपयांत भाव काढून तुलना करणं हा शुद्ध पोरखेळ आहे, आणि त्यासाठी माझं नाव वापरू नका, असं मी ग्रुपवर सांगून टाकलं आहे. कोणी ऐकत नाही.

पण पेट्रोल हा तसा वरवरचा विषय. मला बोलायचं आहे ते कोळशाबद्दल, कारण माझं जाणं-येणंच एका कोळशाच्या गावातून दुसऱ्या कोळशाच्या गावात आहे. मी चंद्रपूरचा. दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून मगच घडी करायचे, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. आता राहतो जर्मनीतल्या एसेन शहरात, रूर खोऱ्यात. दीडशे वर्षं या खोऱ्याच्या कोळशावर जर्मनीचं पोलाद उभं राहिलं. १९५७ मध्ये देशाच्या दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर माणसं कामाला होती. शेवटची खाण शेजारच्या बोट्रोप गावात, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. कामगारांनी कोळशाचं शेवटचं ढेकूळ वर आणून राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला, बँड वाजला, म्हातारे रडले.

गावी गेलो की वाद ठरलेला असतो. माझा चुलतभाऊ, दादा, कोळसा वाहतुकीच्या धंद्यात आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: देशाची सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशावर होते, आपला कोळसा आपल्या जमिनीत आहे, स्वस्त आहे, आणि तुम्ही तिकडून आम्हाला सौरऊर्जेचे धडे देऊ नका. शेवटचं वाक्य त्याचं मला पटतं. ज्या देशाने २०२३ च्या जानेवारीत, हवामानावरची सगळी भाषणं करून झाल्यावर, खालचा तपकिरी कोळसा काढायला ल्युट्झराथ नावाचं गाव पाडलं, त्या देशातून धडे येऊच नयेत. माझं भांडण आहे ते फक्त 'स्वस्त' या शब्दाशी.

माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक पंपघर आहे. विटांचं, बसकं, बाहेरून कोणी ढुंकूनही पाहणार नाही असं. आतला आवाज भिंतीला कान लावल्याशिवाय येत नाही. हा पंप बंद पडला तर काय होईल, असं मी शेजारच्या मायरसाहेबांना विचारलं होतं. ते निवृत्त खाण कामगार. म्हणाले, "तुमच्या तळघरात आधी पाणी येईल, मग माझ्या." गंमत करत नव्हते. खालून कोळसा काढून घेतल्यामुळे इथली जमीन बसली आहे, एसेनच्या उत्तरेकडच्या भागात काही ठिकाणी वीस-पंचवीस मीटरपर्यंत. नदीची पातळी वर आणि वस्ती खाली अशी उलटी स्थिती झाली आहे. पावसाचं पाणी उताराने नदीला मिळतच नाही, ते उपसून वर चढवावं लागतं. शिवाय बंद खाणींत साठणारं खारं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तेही उपसावं लागतं. दहा वर्षं नाही, पन्नास वर्षं नाही, माणसं इथे राहणार असतील तोवर. इथल्या सरकारी भाषेत या खर्चाला चक्क 'अनंतकाळचा खर्च' असं नाव आहे.

हा खर्च कोण देतं? यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं. खाण कंपनीच्या मालकीचा रसायनांचा धंदा वेगळा करून त्याचे शेअर या प्रतिष्ठानाच्या नावे केले. २०१९ पासून पंपांचं वीजबिल त्या लाभांशातून आणि इतर गुंतवणुकीतून निघतं. म्हणजे कोळसा संपल्यावरही कोळशाचा खर्च चालू आहे, आणि तो भागवायला वेगळा फायद्यातला धंदा पोसावा लागतोय. १९६० च्या कोळशाच्या किमतीत हा पंप कुठेही धरलेला नव्हता. तेव्हा तो कोळसाही स्वस्तच वाटायचा.

आता घुग्घुस. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं आवाज ऐकून बाहेर पळाली म्हणून वाचली. जिथे घर होतं तिथे खोल खड्डा, कारण खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. चार दिवस बातम्या आल्या, नेते येऊन गेले. त्या घराची किंमत त्या कोळशाच्या टनामागच्या दरात होती का, असं मी दादाला विचारलं. तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "आणि तुझ्या त्या पंपाचं बिल भरायला पैसा कुठून आला? आधी कोळसा विकला, श्रीमंत झाले, मग पंप बसवले. आम्हाला आधी श्रीमंत तर होऊ दे."

याला तोंडी उत्तर देणं सोपं नाही. पण हिशेबाचं उत्तर आहे, आणि ते आपल्याच तिजोरीतलं आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे पन्नास रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो चारशे रुपये झाला. कल्पना उत्तम होती: कोळशातून पैसा काढायचा आणि कोळशानंतरच्या सोयीला लावायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांना महसुलाची भरपाई देण्याच्या खात्यात वळवला गेला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तोही संपला, त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी पाचाचा अठरा टक्के झाला. म्हणजे पैसा आपल्याकडे जमत होता. गोळा करायची अक्कलही होती. फक्त ज्यासाठी गोळा केला त्यावर तो टिकला नाही. खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आहे, आणि चंद्रपूरला तो बरा मिळतो, पण त्यातून आजचे रस्ते, वर्गखोल्या, पाण्याच्या टाक्या होतात. खाणीच्या मालकाने खाण बंद करण्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचे असा नियमही २००९ पासून आहे. त्यात बंद झाल्यानंतरची देखरेख काही वर्षांचीच धरलेली. एसेनमधल्या पंपाची मुदत तर कोणी लिहूच शकत नाही.

या बाबतीत जर्मन लोक फार शहाणे आहेत असं मात्र कोणी समजू नये. जो हिशेब त्यांनी कोळशाचा मांडला तो गॅसचा मांडला नाही. युद्धाआधी देशात येणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. पाइपातून यायचा, स्वस्त पडायचा, आणि त्यावर कारखाने जोरात चालायचे. त्या स्वस्ताईतली जोखीम कुठल्याच ताळेबंदात नव्हती. २०२२ मध्ये ती एकदम अंगावर आली. सर्वांत मोठी गॅस आयात करणारी युनिपर कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी घरगुती वापराच्या ऐंशी टक्के गॅसचा भाव युनिटला बारा सेंटवर सरकारी पैशाने बांधून ठेवावा लागला. त्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत घरमालकाने चिठ्ठी लावली होती: जिन्यातले हीटर बंद राहतील. पहिल्या मजल्यावरच्या आजी दिवसा ग्रंथालयात जाऊन बसायच्या, कारण तिथे ऊब फुकट. एवढ्या श्रीमंत देशात.

ग्रुपवर दुसरा लाडका मुद्दा असतो की जर्मनीने अणुभट्ट्या बंद करून पायावर धोंडा मारून घेतला. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. माझ्या मते आधी कोळसा आणि मग अणुभट्ट्या असा क्रम हवा होता. पण तो वाद आता संपल्यात जमा आहे, त्यावर जास्त शाई घालवत नाही.

वीजबिलाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. इथे घरगुती वीज युनिटला चाळीस सेंटच्या आसपास पडते. आपल्याकडे तीनशे युनिटच्या वर गेल्यावर लागणारा दरही याच्या निम्म्याच्या आसपास आहे. इथल्या बिलात बरीच वर्षं एक ओळ असायची, पवन आणि सौर वीज बनवणाऱ्यांना वीस वर्षं ठरलेला भाव देण्यासाठीचा अधिभार. २००० च्या कायद्याने आलेला. युनिटला सहा सेंटच्या पुढे गेला होता, १ जुलै २०२२ ला तो बिलातून निघाला आणि सरकारी अंदाजपत्रकात गेला. या पैशाने जगातली पॅनेलची मागणी वाढली, चीनमध्ये कारखाने उभे राहिले, पॅनेल कोसळत्या भावाने स्वस्त झालं, आणि आज विदर्भातल्या छपरावर ते परवडतं त्यात एसेनच्या भाडेकरूंचाही हातभार आहे. भाडेकरूंचाच, कारण छप्पर असलेल्याला भाव मिळाला आणि छप्पर नसलेल्याने अधिभार भरला. मोठ्या कारखान्यांना बरीचशी सूट. हा अन्याय होता, पण बिलावर छापलेला होता. लोक त्यावर बोट ठेवून भांडू शकले.

आपलं महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. यातला इंधन समायोजन आकार म्हणजे कोळसा महागला किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागली की मागाहून येणारी वसुली. माझ्या आईला वाटतं तो कसला तरी दंड आहे. दादा ज्याला स्वस्त म्हणतो त्या कोळशाच्या चढउताराचा भार त्याच ओळीतून त्याच्याही घरी पोचतो, आणि पुढे किती येईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. पॅनेलचं तसं नाही. त्याचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी समोर असतो, पुढची वीस-पंचवीस वर्षं सूर्य भाव वाढवत नाही. म्हणून त्याचं अर्थकारण इंधनाच्या भावावर कमी आणि कर्जाच्या व्याजावर जास्त ठरतं. मला भारतातल्या चर्चेत या व्याजाबद्दल फारसं ऐकू येत नाही. सगळी चर्चा अनुदानाची. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार मिळतात हे सगळ्यांना पाठ आहे, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करायचं, हा इथला जुना प्रश्न तिथेही तसाच आहे. इथे निदान आता भाडेकरूही बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल लटकवून साध्या प्लगने आठशे वॅटपर्यंत वीज घरात घेऊ शकतो. समोरच्या इमारतीत अशा तीन बाल्कन्या आहेत. एसेनचं ऊन ते काय, तरी लावतात.

महाराष्ट्रात मला सगळ्यात पटलेली गोष्ट कुठल्याही घरावरची नाही, ती शेतीला वीज पुरवणाऱ्या फीडरवरची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या पंपांना दिवसा वीज द्यायची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे रात्री बाराला लाइन आली की ओलितासाठी शेतात जायचं म्हणजे वाघाच्या वाटेत जायचं. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत दिवसा विजेची मागणी हा जिवाचा प्रश्न आहे. आणि हिशेबानेही ते बरोबर आहे: जिथे वीज लागते तिथेच, लागते त्या वेळी तयार होते, लांबच्या तारांत वाया जात नाही. पंपाचं बिल माफ करण्याच्या घोषणेपेक्षा मला ही गोष्ट कितीतरी मोलाची वाटते, जरी मतं माफीलाच मिळत असली तरी.

मागच्या दिवाळीत दादाने फोनवर विचारलं, खाणीसाठी आमची मामाकडची जमीन जाणार आहे, बदल्यात एका मुलाला खाणीत नोकरी मिळेल, घेऊ का? मी म्हटलं घे. तो हसला, "एवढं सगळं बोलून शेवटी घेच ना?" हो, घेच. रूरमध्येही कोणी कामगाराला खाण सोडून दे म्हणालं नाही. साठ वर्षं लागली, मध्ये बोखुम आणि डॉर्टमुंडला नवी विद्यापीठं निघाली, बोखुमला खाणीच्या जागेवर मोटारींचा कारखाना आला आणि २०१४ मध्ये तोही गेला. पोराने नोकरी घ्यावी, पगार घ्यावा. मात्र जमिनीच्या कागदांवर सही करायच्या आधी ग्रामसभेत खाण बंद करण्याचा आराखडा मागून घ्या, त्यात पाणी आणि पोकळी यांच्यासाठी किती रक्कम, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या नावे ठेवली आहे ते वाचून घ्या, असं मी त्याला सांगितलं. आराखडा मराठीत मिळतो का, असं त्याने विचारलं आहे. अजून चौकशी चालू आहे.