टॉगल कोणी ओढला? : ‘सह्यवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘सह्यवेडा’, नमस्कार.

‘शंभर फुटांवरचं वळण’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मंगळवारी वाचली. त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. आज शांतपणे लिहिते आहे, निदान तसा प्रयत्न तरी आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण कॅलिफोर्नियात आम्ही जिथे स्कायडायव्हिंग करतो तिथे एका विद्यार्थिनीची ती अकरावी उडी होती. छत्री व्यवस्थित उघडली. मधेच वारा फिरला होता, आणि आपण वाऱ्याबरोबर उतरतो आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती जमिनीपासून जेमतेम शंभर फुटांवर होती. वाऱ्याकडे तोंड करायला तिने डावा टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या दोरीची मूठ, जोरात ओढला. घोट्याची दोन हाडं मोडली, ऑपरेशन झालं. मी लिहिलं होतं की ते वळण ही तिची चूक होती, आणि ती चूक तिने आपली म्हणून पत्करली तरच पुढची उडी ती सुरक्षित मारेल.

तुम्ही लिहिलंत: “जिचा घोटा मोडला तिच्याच डोक्यावर खापर फोडलंत, आणि तुमची टोळी संध्याकाळी बिअर पीत एकमेकांची पाठ थोपटत बसली.” त्याशिवाय वाऱ्याच्या मर्यादेचा माझा आकडा चुकल्याचं दाखवलंत, विद्यार्थ्यांना खालून सूचना देणाऱ्या रेडिओवर एकच माणूस असण्याबद्दल विचारलंत, शाळेला दर उडीमागे पैसे मिळतात हे सांगितलंत आणि शेवटी दहीहंडीचा दाखला दिलात.

आधी आकडा. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी 18 मैल असं मी लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे. यूएसपीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या मूलभूत सुरक्षा नियमांनुसार आजच्या चौकोनी छत्रीसाठी ती 14 मैल आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. त्या दिवशी वारा 9 होता, त्यामुळे घटनेला त्याने काही फरक पडत नाही. पण चूक ती चूक, आणि ती दाखवल्याबद्दल आभार.

आता ‘टोळी’.

हा शब्द मला लागला. का लागला ते नीट सांगते, कारण टीका कशी करावी याचीही काही रीत असते, आणि एखाद्या जागी कधी पाऊल न ठेवता तिथल्या माणसांना टोळी म्हणणं त्या रीतीत बसत नाही. ती मुलगी पडली तेव्हा तिच्यापाशी सर्वांत आधी पोचला तो आमचा पॅकर. एकवीस वर्षांचा मुलगा, दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये गुडघ्यांवर बसून लोकांच्या छत्र्या घड्या घालतो. हातातली छत्री तशीच टाकून तो धावला. रुग्णवाहिका येईपर्यंत तिचं डोकं ज्या बाईंनी धरून ठेवलं होतं त्या निवृत्त परिचारिका आहेत, साठी उलटली तरी उड्या मारतात. इस्पितळात रात्री दोनपर्यंत आम्ही तिघी होतो. तिची गाडी कोणीतरी घरी पोचवली, कोणीतरी तिच्या मांजराला खायला घालून आलं. तिचे आईवडील हैदराबादला. त्यांना फोन मी केला. परक्या देशात पोरीचं हाड मोडल्याचं तिच्या आईला सांगणं काय असतं ते मला विचारा. पहिला प्रश्न आला, “जिवंत आहे ना?” पुढचे तीन आठवडे घरी डबा पोचवायची पाळी लावली होती. शनिवारची पाळी माझी होती. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी न्यायची, आणि ती वरणात लोणचं कालवून खायची.

आणि बिअर. पहिल्यांदा काही केलं, पहिली एकट्याने मारलेली उडी, पहिला परवाना, की सगळ्यांसाठी एक क्रेट आणायचा ही आमची जुनी पद्धत आहे, आणि मीच ती एका लेखात कौतुकाने सांगितली होती. पण शेवटचं विमान उतरून शेवटची छत्री जमिनीला लागेपर्यंत कोणी बाटली उघडत नाही. दारूच्या अमलाखाली उडी मारायला अमेरिकेच्या हवाई नियमांत बंदी आहे, आणि आमच्याकडे तो नियम कोणाला दोनदा सांगावा लागत नाही. त्या संध्याकाळी तर कोणी काही प्यायलं नाही. शेडमध्ये तीस माणसं बसली होती आणि अर्धा तास कोणी फारसं बोललं नाही. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. म्हणूनच लिहायच्या आधी विचारायचं असतं.

आता ‘खापर’. इथे मी एक शब्दही मागे घेणार नाही, आणि का ते समजायला टॉगल ओढल्यावर काय होतं ते माहीत हवं.

छत्रीला दोन टॉगल असतात, डावा आणि उजवा. डावा खाली ओढला की छत्रीची डावी बाजू मागे राहते, छत्री कलते आणि तिच्याखाली लटकलेलं शरीर झोपाळ्यासारखं बाहेर फेकलं जातं. वेग वाढतो, उंची भराभर जाते. हजार फुटांवर हे मजेचं असतं, छत्री पुन्हा डोक्यावर यायला पुरेसा वेळ मिळतो. शंभर फुटांवर झोका परत यायच्या आत जमीन येते. म्हणून उतरण्याचा आराखडा वरच आखायचा: साधारण हजार फुटांवर वाऱ्याबरोबर जायची बाजू, सहाशेला आडवी, तीनशेला शेवटचं वळण, आणि त्यानंतर मोठं वळण नाही. पहिल्या दिवशीच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून क्रम घोकून घेतात: छत्री सपाट, समोर मोकळी जागा, निदान अर्धा फ्लेअर (म्हणजे टेकायच्या आधी दोन्ही टॉगल एकत्र ओढून वेग मारणं), आणि पाय जुळवून लोळत पडणं. वाऱ्याच्या तोंडाला उतरणं या सगळ्याच्या नंतर येतं.

हेच नवख्याला पटत नाही. छत्रीचा पुढे जायचा वेग ताशी 20 मैल आणि वारा 9 धरा. वाऱ्याविरुद्ध उतरलात तर जमिनीवरचा वेग 11, वाऱ्याबरोबर उतरलात तर 29. खालून गवत सपासप मागे जाताना दिसतं आणि हात आपोआप टॉगल ओढतो. पण छत्री सपाट ठेवून, पाय जुळवून 29 ने उतरलेली माणसं घसरत, लोळत जाऊन कपडे झटकत उठलेली मी कितीदा पाहिली आहेत. शंभर फुटांवर पूर्ण वळण घेतलेला मात्र एकही माणूस मी कपडे झटकत उठलेला पाहिला नाही. एक सोडून.

तो एक म्हणजे मी. एकतिसावी उडी, हातात नुकताच आलेला ‘ए’ परवाना, आणि समोर अचानक कुंपण. मी वळले. शरीर एका कुशीवर आपटलं, पण पेरणीसाठी नुकतंच नांगरलेलं ढेकळांचं रान होतं म्हणून मांडीवर काळानिळा डाग पडण्यावर भागलं. माझे प्रशिक्षक चालत आले, हाडं शाबूत असल्याची खात्री केली आणि विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वारा फिरला. त्यांनी विचारलं, टॉगल कोणी ओढला? मी म्हटलं, कुंपण आलं म्हणून. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी ओढला. तेव्हा त्यांनी हात दिला आणि मला उठवलं. त्या दिवशी मला तो माणूस निर्दय वाटला होता. आज माझ्या 640 उड्या झाल्या आहेत. दोनदा मुख्य छत्री बिघडून ती कापून टाकावी लागली आहे, आधी मुख्य छत्री सोडणारं लाल हँडल आणि मग राखीव उघडणारं चंदेरी. दोन्ही वेळा हात विनातक्रार चालले, आणि त्याचं श्रेय मी त्या तीन प्रश्नांना देते.

तुम्ही म्हणाल, यंत्रणा असते, माणसं असतात, शिकणाऱ्यावर सगळं का टाकता? यंत्रणा आहेच, आणि तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. सत्तरच्या दशकात बिल बूथ यांनी तीन कड्यांची जोडणी काढली, म्हणून आज बिघडलेली छत्री एका हिसक्यात सुटते. ऐंशीच्या दशकात एएफएफ ही शिकवण्याची पद्धत आली, जिच्यात दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून उडी मारतात. 1991 साली सायप्रेस हे स्वयंचलित उपकरण आलं. तुम्ही बेशुद्ध असलात आणि साधारण 750 फुटांवर अजून वेगाने पडत असलात तर ते राखीव छत्री स्वतः उघडतं. या सगळ्यामुळे माणसं वाचली. यूएसपीएच्या नोंदीनुसार 2023 मध्ये अमेरिकेत सुमारे 36.5 लाख उड्यांमध्ये 10 मृत्यू झाले. पण उघड्या, धडधाकट छत्रीखाली कोणी शंभर फुटांवर टॉगल ओढला तर सायप्रेस काय करणार? त्याच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. आजही या खेळातल्या मृत्यूंचा आणि मोडलेल्या हाडांचा मोठा वाटा उत्तम उघडलेल्या छत्रीखालीच घडतो. तिथे वाचवणारं एकच असतं, वळायचं नाही हे हाताला माहीत असणं. विद्यार्थिनीला ‘तुझी चूक नव्हती गं’ म्हणणं कानाला गोड लागतं. पण मग पुढच्या वेळी तिचा हात काय शिकलेला असेल?

रेडिओवर त्या वेळी एकच माणूस होता आणि हवेत तीन विद्यार्थी होते, हे खरं. रेडिओ ही मदत आहे, तो बंदही पडतो, आणि त्याच्या भरवशावर उतरू नका हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. ड्रॉपझोनवाल्यांनी, म्हणजे आमचं उड्यांचं मैदान चालवणाऱ्यांनी, आपल्या पातळीवर त्याचा विचार केला आहे, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

दर उडीमागे पैसे मिळतात, हो. पोहायला शिकवणाऱ्यालाही मिळतात. वारा वाढला म्हणून अख्खी दुपार विद्यार्थ्यांना खाली बसवून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि ती दुपार शाळेच्याच खिशातून जाते. मृत्यूच्या आकड्यात मोडलेल्या घोट्यांचा हिशोब नसतो, असंही तुम्ही म्हटलंत. नसतो.

दहीहंडीचं मात्र थोडं सांगते, कारण मी साताऱ्याची आहे आणि माझा चुलतभाऊ सातव्या थरावरून पडलेला आहे. तुम्ही लिहिलंत, “गोविंदा पडला तर आपण आयोजकाला विचारतो, तुमच्याकडे कोणाला विचारायचं?” थरावरच्या पोराच्या हातात काही नसतं. खालचा खांदा हलला की ते जातं. छत्रीखालच्या माणसाच्या दोन्ही हातांत दोन टॉगल असतात. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. ज्याला कडे चढायची सवय आहे, आणि तुमच्या नावावरून ती तुम्हाला असावी, त्याला हा फरक मी समजावून सांगावा लागू नये. कॉलेजात असताना नागफणीच्या कड्यावरून आम्ही रॅपलिंग करायचो. बिले, म्हणजे सुरक्षेचा दोर, धरणारा वर असायचाच. तरी आमचे दादा गाठ आमच्याकडून बांधून घेत आणि स्वतः तपासत. गाठ चुकली तर वरच्याला नाव ठेवायची सोय नव्हती. तुमच्या गटात ती असेल तर कळवा, मी त्या गटाबरोबर येणार नाही.

हे शेवटचं वाक्य कडक झालं. राहू दे. तुमचंही झालं होतं.

एक गोष्ट मूळ लेखात नव्हती, ती सांगायला हवी. लेख टाकायच्या आधी तो मी तिला वाचून दाखवला होता. तिला मराठी येत नाही, म्हणून एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. ती पलंगावर पाय उशीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ठीक आहे, टाका. मग थोड्या वेळाने म्हणाली, “रेडिओवर माझं नाव कधी येतंय याची मी वाट बघत होते.” मी तिला तेच सांगितलं जे वर तुम्हाला सांगितलं आहे. तिने मान डोलावली.

प्लास्टर निघालं आहे. फिजिओथेरपी चालू आहे, काठीशिवाय चालते. डॉक्टरांनी परवानगी दिली तर वसंतात परत येईन म्हणते. आधी जमिनीवरचं प्रशिक्षण पुन्हा होईल, लटकत्या पट्ट्यांमध्ये टांगून उतरण्याचा सगळा क्रम पुन्हा, आणि ब्रेक धरून, म्हणजे दोन्ही टॉगल थोडे ओढून ठेवून, हळू, सपाट वळायचं कसं तेही. तिच्या उडीच्या दिवशी मैदानावर मी असेन. आणि रेडिओवरच्या माणसाकडे त्या खेपेला ती एकटीच विद्यार्थिनी असेल, हे मी मुख्य प्रशिक्षकांकडून मागच्या रविवारी कबूल करून घेतलं आहे.