बुरशी नत्र आणते, पण सगळं झाडाला देत नाही

नमस्कार. मुळांवर राहणारी बुरशी शोषलेलं सगळं नत्र झाडाला देत नाही, असं मी पाइनच्या रोपांवरच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंय, "बुरशी झाडाला नत्र पुरवते हे सर्वमान्य असताना उगाच शंका कशाला पेरता?" शिवाय ठाण्यात बसून बर्फाळ जंगलांवर लिहिण्याचा उपयोग काय, असंही विचारलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुरशीचा फायदा मी नाकारलेला नाही. १८८५ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी या मूळ-बुरशीच्या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं, आणि १९३७ मध्ये संशोधक हॅच यांच्या प्रयोगात बुरशी लागलेल्या पाइनच्या रोपांत नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही जास्त भरले. असं रोप अलगद उपटून मुळं पाण्यात धुतली, की बारीक मुळ्यांची टोकं आखूड, जाडसर आणि दोन फाटे फुटलेली दिसतात. त्यांच्यावर केसमुळं नसतात, बुरशीचं वेष्टण असतं. तिचे तंतू मुळाच्या पेशी न फोडता त्यांच्यामधल्या फटींतून जाळं विणतात. देवघेव होते ती तिथे. रोप साखर देतं, बुरशीकडून त्याला नत्र मिळतं.

पण बुरशीलाही पोट आहे. स्वतःचे तंतू वाढवायला तिलाही नत्र लागतं, आणि जमिनीत ते तुटपुंजं असलं की आधी ती स्वतःचं भागवते. स्वीडनच्या उत्तरेकडे संशोधक नेसहोल्म आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या जंगलात जड नायट्रोजनच्या (नत्राचाच जरा जड, म्हणून ओळखता येणारा प्रकार) खुणेने याचा माग काढला. २०१३ साली आलेल्या त्या कामातून दिसलं, की नत्राची टंचाई असताना बुरशीने शोषलेल्या नत्राचा थोडाच वाटा झाडापर्यंत पोचतो आणि नत्र वाढलं की हा वाटाही वाढतो. म्हणजे जिथे झाडाची नड सर्वात मोठी, तिथेच त्याच्या पदरात कमी पडतं. मला यात बुरशीची बदनामी वाटत नाही. उलट, दोन स्वतंत्र जिवांचा व्यवहार म्हणून या देवघेवीकडे बघितलं तरच हे कोडं सुटतं.

आता ठाण्याचं. डिसेंबरात घोडबंदर रोडला ख्रिसमस ट्री म्हणून जी कुंडी मिळते, ती बहुधा अरॉकेरियाची असते. तोही सूचिपर्णीच, पण त्याच्या मुळांत राहणारी बुरशी वेगळ्या गटातली. ती थेट पेशींत शिरते आणि तिचा मोठा हातभार झाडाला स्फुरद मिळवून देण्यात असतो. शेतकरी जिला व्हॅम म्हणतात, ती हीच. बाजारातल्या बहुतेक मायकोरायझा पावडरी याच गटाच्या असतात. पाइनला त्यांचा उपयोग नाही, अरॉकेरियाला होऊ शकतो. मात्र "नत्राची चिंता मिटली" असं समजून शेणखत बंद करू नका. पावडर वरून भुरभुरवण्यापेक्षा कुंडी बदलताना मुळांना लागेल अशी घाला, आणि त्या सुमारास डीएपी हे स्फुरद असलेलं रासायनिक खत टाळा. स्फुरद भरपूर मिळालं, की झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही.