काका, तुमचा पीसी स्लो आहे

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी जुन्या फ्लॅश गेम्सचा व्हिडिओ टाकला आणि सगळ्यांना गहिवरून आलं. "काय दिवस होते राव!" असतील. फ्लॅश म्हणजे ब्राउझरला जोडायचा एक प्रोग्राम; गेम, यूट्यूबचे व्हिडिओ, नाचत्या जाहिराती, सगळं तेव्हा त्याच्यावर चालायचं. मी तेव्हा नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ दहा मशीनचा सायबर कॅफे चालवायचो, पंधरा रुपये तास. माझ्या डोक्यात त्या दिवसांचं एकच चित्र आहे: मे महिना, पत्र्याखालचा गाळा आणि दहा सीपीयूंचे पंखे एकदम घोंघावायला लागलेले. कारण काय, तर पोरांनी यूट्यूब लावलं.

मग ठरलेलं वाक्य. "काका, तुमचा पीसी स्लो आहे." कुणी उठून जायचं, कुणी पाच रुपये कापून द्यायचं. मलाही ते खरंच वाटायचं. एमजी रोडवरून ५१२ एमबी रॅमच्या पट्ट्या आणून टाकल्या. त्या महिन्यात घरची शेगडी बदलायची राहिली, ते अजून ऐकतोय. फरक काडीचा नाही. टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू १०० टक्के आणि व्हिडिओ मात्र अडखळत, हात धरून चालवल्यासारखा.

एका रात्री शटर ओढून घेतलं आणि ब्राउझरच्या टेंपररी फोल्डरमधून तीच व्हिडिओ फाइल उचलून व्हीएलसी या दुसऱ्या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावली. लोण्यासारखी चालली! तेच मशीन, तीच फाइल. म्हणजे दुखणं माझ्या पीसीत नव्हतंच. फ्लॅश प्लेअर व्हिडिओ उलगडणं, रंग बदलणं, चित्र लहानमोठं करणं ही सगळी हमाली प्रोसेसरच्याच डोक्यावर टाकायचा आणि शेजारी ग्राफिक्स चिप हातावर हात ठेवून बसलेली. जून २०१० मध्ये फ्लॅशची १०.१ आवृत्ती आली, तिने विंडोजवर हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवायची सोय केली. पण त्याला कार्डही तसं लागायचं. माझ्या पेंटियम फोरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा काय उपयोग?

प्रोग्राम जड असतात, त्याचं मला काही नाही. राग याचा की दोष कुणाचा हे गिऱ्हाइकाला कधी दिसलंच नाही. त्याला समोर दिसायचा तो मी आणि माझं कळकट मॉनिटर.

जाहिरातींचं तर विचारूच नका. एखादी बातम्यांची साइट उघडली की चार चौकटी नाचायला लागायच्या. पोरगं दुसऱ्या टॅबमध्ये सीईटीचा निकाल बघतंय, तरी मागे नाच चालूच. शेवटी फायरफॉक्सवर फ्लॅशब्लॉक टाकलं. क्लिक केल्याशिवाय काही चालायचं नाही. त्यावर तक्रार आली, "काका, इथं व्हिडिओच दिसत नाही."

आणि अपडेट! सुरक्षेची भोकं बुजवायला फ्लॅशची सारखी नवी आवृत्ती. इंटरनेट एक्स्प्लोररला वेगळी, फायरफॉक्सला वेगळी. कॅफेवाल्यांना माहीत असेल, आम्ही डीप फ्रीझ लावायचो, म्हणजे दर रीस्टार्टला मशीन होतं तसं करून ठेवणारा प्रोग्राम. मशीन रीस्टार्ट झालं की टाकलेलं अपडेट गायब, पुन्हा "नवी आवृत्ती घ्या" हजर. दहा मशीन, प्रत्येकावर दोनदा, आधी फ्रीझ काढा, मग लावा. माझे कितीतरी रविवार यात गेले.

उपकार विसरत नाही. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं ते फ्लॅशच्याच जिवावर, आणि त्याआधी व्हिडिओसाठी कुठे रिअलप्लेअर, कुठे क्विकटाइम, कुठे विंडोज मीडिया असा गोंधळ होता. पवननगरची पोरं सुट्टीत गेम खेळायला यायची, त्या पैशांवर गाळ्याचं भाडं निघायचं. पण एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्रात फ्लॅशवर बॅटरी, सुरक्षा आणि क्रॅशवरून तोफ डागली, तेव्हा लोक म्हणाले, त्याचा त्यात धंदा आहे. असेल की. धंदा माझाही होता, म्हणून तर मला पटलं.

पुढे २०१५ मध्ये यूट्यूबनेच एचटीएमएल फाइव्ह, म्हणजे फ्लॅशशिवाय ब्राउझरमध्येच व्हिडिओ चालवायची सोय, हा मुख्य प्लेअर केला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालायचाच बंद झाला. माझा कॅफे त्याच्या बऱ्याच आधी गेला, तेव्हा जिंकलो वगैरे काही नाही.

परवा भाच्याने रफल नावाच्या, जुन्या फ्लॅशची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर तसलाच एक जुना गेम मोबाइलवर लावून दिला. खिशातल्या फोनवर, पंखा नाही, आवाज नाही, सुरळीत. दहा मिनिटं खेळलो. बरा होता.

रॅमच्या पट्ट्या अजून माळ्यावर आहेत. डीडीआर वन, जुन्या जातीच्या. कुणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.