मांडवीचं पाणी मे महिन्यात चाखून बघा

जुलैत गोव्यातली मांडवी नदी सगळेच बघतात. पुलावर गाड्या थांबवून तांबड्या लोंढ्याचे व्हिडिओ काढतात, आणि आम्हा डिचोलीकरांना बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन येतात, "पाणी घरात नाही ना आलं?" २०२१ च्या जुलैत ते खरोखरच अनेकांच्या घरात आलं होतं, त्यामुळे या काळजीला मी हसत नाही. पण ही नदी कळते ती मे महिन्यात, आणि तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मांडवीकाठच्या नार्वे गावाचंच घ्या. गोकुळाष्टमीला तिथल्या पंचगंगा तीर्थावर स्नानाला गर्दी होते, तेव्हा पाणी गढूळ असतं पण गोडं. त्याच काठावर मे महिन्यात या. पाणी हिरवट, संथ, दिसायला कितीतरी स्वच्छ, आणि हात बुडवून जिभेला लावलात तर खारट. पावसाचे चार महिने वरून इतकं पाणी येतं की समुद्राला खाडीच्या तोंडाशीच थोपून राहावं लागतं. ऑक्टोबरनंतर ओढ कमी होते आणि भरतीबरोबर खारं पाणी एकेक गाव वर सरकू लागतं. उन्हाळ्यात भरतीचा फुगारा तर पार गांजेच्या बाजूपर्यंत जाणवतो.

आपल्या पूर्वजांची शेती या खेपांवरच बेतलेली होती. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन बघा. बांध घालून खाडीपासून जमीन राखायची आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप, बसवायची. ओहोटीला तिची लाकडी दारं आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. वीज नको, माणूस नको. पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन गेला की कोरगुट जातीचं भात पेरायचं; ते थोडाफार खार सोसतं. काही ठिकाणी भात निघाल्यावर त्याच जमिनीत मिठागर. शेताच्या एकाच तुकड्यातून, कुणग्यातून, भात आणि मीठ काढणाऱ्या माणसाला पाणी कधी गोडं आणि कधी खारं हे पंचांगाइतकं पाठ असणारच. आज मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि मासे जास्त मिळावेत म्हणून दारं हवी तेव्हा उघडी ठेवली जातात. शेत खारावलं की मग आपण म्हणतो, हल्ली शेती परवडत नाही. (परवडत नाही हेही खरंच. पण ते वेगळं भांडण.)

आता म्हादईकडे, म्हणजे याच मांडवीच्या वरच्या प्रवाहाकडे येतो. तिच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. टीव्हीवरच्या चर्चेत हाच आकडा फिरतो. इकडचे म्हणतात फार दिलं, तिकडचे म्हणतात कमी, आणि कुणीतरी हमखास विचारतो, "एवढं पाणी समुद्रात वाया जातं, त्यातलं थोडं दिलं तर काय बिघडलं?" वाया? तेच पाणी समुद्राला मागे रेटतं. कळसा आणि भंडुरा हे म्हादईचे ओढे कर्नाटकात वळवण्याचा वाद वर्षाच्या बेरजेत मांडला की जुलैचा थेंब आणि एप्रिलचा थेंब सारखाच दिसतो. खाली चोडण-दिवाडीच्या बेटांवर तो सारखा नसतो. जुलैत एक टीएमसी कमी आलं तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये झऱ्यांतून येणारी बारीक धार आटली तर खार आणखी वर चढेल. वळवायचं असेल तर कोणत्या महिन्यात, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आमचे पुढारी तो विचारत नाहीत, कारण "म्हादई आमची आई" ही घोषणा द्यायला सोपी जाते.

आणि आपण तरी काय करतो? पहिल्या सरींना चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन ओहोळात शिरतात, तिथेच आपण जाळं लावून बसतो. खाणींच्या टाकाऊ मातीचे ढिगारे पावसात नदीत उतरतात, तळ वर येतो, मग पूर आला की दोष फक्त पावसाचा.

माझी मागणी साधी आहे. धरणात किती टक्के पाणी उरलं याची बातमी उन्हाळ्यात येते, तशी खार कुठवर चढला याचीही यावी. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे, या खाड्यांचा अभ्यास तिथे झालेला आहे. खार कुठवर आला ते फेरीच्या धक्क्यावर एका फळ्यावर लिहायला कितीसा खर्च येणार?

आमोणे, खांडेपार, उसगाव, गांजे या बाजूच्या मंडळींनी खाली लिहा: तुमच्याकडे पाण्याला खारट चव साधारण कोणत्या महिन्यात लागते, आणि घरातली जुनी माणसं पूर्वीचा कोणता महिना सांगतात?