बेरोजगारी 3.2 टक्के, म्हणून पोरं आळशी?

आमच्या तासगावच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या धाकट्या भावाचं नाव घालून लिहिलं, "वाच जरा." भाऊ बीएस्सी झालाय, नोकरी शोधतोय. फॉरवर्ड म्हणतो: देशात बेरोजगारी फक्त 3.2 टक्के, कामं भरपूर आहेत, परप्रांतीय येऊन कमावतात, बायकासुद्धा कामाला लागल्या, आपल्याच पोरांना कष्ट नकोत. नोकरी मागू नका, धंदा करा.

3.2 हा आकडा खरा आहे, 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीतला. पण तो मोजतात कसा ते मामांनी बघितलं का? वर्षाचा बहुतेक काळ नोकरी शोधण्यात गेला आणि मधे महिनाभर बेदाणा शेडवर काम केलं, तरी त्या माणसाला रोजगार आहे असं धरतात. घरच्या द्राक्षबागेत बिनपगारी राबला तरी तेच. भाऊ गेल्या सीझनला शेडवरच होता. म्हणजे ज्या आकड्यावरून त्याला आळशी ठरवलं, त्या आकड्याच्या हिशेबात तो कामाला आहे!

त्याच पाहणीत 15 ते 29 वयातली बेरोजगारी 10.2 टक्के आहे. ते फॉरवर्डमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2024 चा भारताविषयीचा अहवाल तर सांगतो, की 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. आळस काय कॉलेजात शिकवतात? ज्याच्या घरी चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला रिकामं बसणं परवडतच नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो.

कुपवाड एमआयडीसीत चांगला फिटर, सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) चालवणारा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. सरकारी भरतीच्या नादात काही पोरांची वर्षं जातात, हेही मान्य. पण देशातल्या निम्म्याहून अधिक पगारी नोकरदारांना लेखी करारसुद्धा नाही. तसल्या नोकरीवर पोरगं टिकलं नाही, तर दोष एकट्या त्याचा कसा?

परप्रांतीयांचं म्हणाल, तर आपल्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभर पसरलीत. त्यावरून ती जिथे गेली तिथली पोरं आळशी ठरली नाहीत.

बायकांचा कामातला सहभाग 2017-18 च्या 23.3 वरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला, खरंय. पण त्यातल्या कितीतरी जणी घरच्याच शेतात, धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत.

आणि धंदा करा म्हणे! काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के 2023-24 मध्ये आधीच स्वयंरोजगारात होते, 2017-18 मध्ये 52.2 होते. शेतीवर असलेल्यांचा वाटाही 2018-19 च्या 42.5 वरून 2023-24 मध्ये 46.1 टक्क्यांवर चढला होता. कारखान्यांत जागा निघाल्या असत्या, तर माणसं पुन्हा शेतात कशाला आली असती?