न मागितलेल्या लायब्रऱ्यांबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरबद्दलचा तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. बिलं आणि स्टॉकचा हिशेब बरोबर येतो, काम कुठे अडत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. तक्रार वेगळी आहे. सुरक्षा ऑडिटमध्ये आमच्या जार फाइलमध्ये (जावा प्रोग्रॅमचं पॅकेज) डझनावारी लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच, निघाल्या आणि त्यांतल्या दोन फाइलींच्या नावात लॉगफोरजे (प्रोग्रॅमच्या नोंदी म्हणजे लॉग लिहिणारी लायब्ररी) होतं. आमचं सॉफ्टवेअर ज्यावर उभं आहे त्या स्प्रिंग बूटसारख्या फ्रेमवर्कनं (जावा प्रोग्रॅमचा तयार सांगाडा) अशा सगळ्या गोष्टी ऐच्छिक ठेवाव्यात आणि विक्रेत्यानंही लागेल तेवढंच द्यावं, असं तुमचं म्हणणं. हाच प्रश्न इतर ग्राहकही विचारतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी लॉगफोरजे, कारण ऑडिटर त्याच नावाला दचकले. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली त्रुटी लॉगफोरजे-कोअर या फाइलमध्ये होती. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात ठरावीक साच्यातला पत्ता आला की ती लायब्ररी त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे जायची आणि तिथला कोड आपल्या यंत्रावर चालू शकायचा. आमच्या पॅकेजमध्ये कोअर नाहीच. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही लॉग लिहिणारी दुसरी लायब्ररी वापरतो. तुमच्या अहवालातल्या दोन फाइली म्हणजे लॉगफोरजे-एपीआय (इतर कोडकडून लॉगचे संदेश घेणारी नुसती खिडकी) आणि त्यावर आलेले संदेश लॉगबॅककडे वळवणारा पूल. या दोन्ही एकट्या असताना त्या त्रुटीचा फायदा घेता येत नाही, हे स्प्रिंगच्या टीमनं त्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. तुमच्या ऑडिटरांच्या स्कॅनरनं फक्त नाव जुळवलं.

मग त्या काढून का टाकत नाही? तुम्ही रोज एक्सेलमध्ये रिपोर्ट काढता. त्या फाइली अपाची पीओआय ही लायब्ररी तयार करते आणि ५.१ आवृत्तीपासून पीओआयला लॉगफोरजे-एपीआय लागते. ती काढली तर सॉफ्टवेअर सकाळी व्यवस्थित सुरू होईल, लॉगिन होईल, बिलं निघतील. संध्याकाळी कुणी एक्सेलचं बटण दाबलं की क्लास (कोडचा तुकडा) सापडत नाही म्हणून एरर येईल. ‘हे कुणी वापरत नाही’ असं जार फाइलची यादी पाहून ठरवता येत नाही, म्हणूनच मी इतकं लांबवून लिहितोय.

आता मूळ मुद्दा. फ्रेमवर्कसोबत येणारी लायब्ररी काढता आली पाहिजे, यात माझं तुमच्याशी दुमत नाही. स्प्रिंग बूटमध्ये ती सोय आहे. त्याच्या ऑटो-कॉन्फिगरेशनमध्ये (आपोआप जुळणी करणारा भाग) बाहेरच्या बहुतेक लायब्रऱ्या ऐच्छिक म्हणूनच नोंदवलेल्या असतात; एखादी क्लासपाथवर, म्हणजे जावा जिथे कोड शोधतो त्या यादीत, दिसली तरच तिची जुळणी सुरू होते. लायब्रऱ्यांचा गठ्ठा बांधतो तो स्टार्टर. वेब स्टार्टर घेतला की टॉमकॅट (वेब सर्व्हर) आणि जॅक्सन (जेसन नमुन्यातला डेटा वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) सोबत येतात. टॉमकॅट नको असेल तर पॉम फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्या नोंदवायची फाइल) त्याला वगळून जेटी हा दुसरा सर्व्हर घालता येतो.

पण ऐच्छिक असणं वेगळं आणि सुरुवातीलाच काही न देणं वेगळं. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे. स्टार्टरसोबत आवृत्त्यांची एक यादी येते. या टॉमकॅटसोबत हा जॅक्सन, त्यासोबत हा लॉगबॅक, अशी ती जुळणी फ्रेमवर्कच्या टीमनं तपासलेली असते आणि जगभरातले वापरणारे रोज तपासत असतात. आमच्यासारख्या छोट्या कंपनीनं एकेक लायब्ररी निवडून स्वतःची मोट बांधली, तर ती फक्त आम्हीच तपासलेली असेल. आडवाटेचा पर्याय निवडणाऱ्याचं काय होतं याचं ताजं उदाहरण अंडरटो आहे. टॉमकॅटऐवजी हा सर्व्हर वापरायची सोय स्प्रिंग बूटमध्ये वर्षानुवर्षं होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत ती काढली, कारण अंडरटो सर्व्हलेट ६.१ या जावा वेब सर्व्हरच्या मानकाला अजून जुळत नव्हता. ज्यांनी मूळ टॉमकॅट ठेवला होता, त्यांना या बाबतीत काहीच बदलावं लागलं नाही.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्ही लिहिला नाही, तो मीच मांडतो, कारण तो खरा आहे. पडून असलेली लायब्ररी निरुपद्रवी असतेच असं नाही. २०१५ मध्ये अपाची कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीच्या बाबतीत हेच दिसलं. जावाच्या डीसिरियलायझेशनमधून (साठवलेल्या डेटातून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणं) हल्ला करणाऱ्याला तिचे क्लास फक्त क्लासपाथवर असले तरी पुरत होते, तुमच्या कोडनं त्यांना कधी हाक मारलेली नसली तरी. स्प्रिंग बूटमध्ये तर नुसत्या असण्यानंही वागणूक बदलते. स्प्रिंग सिक्युरिटी ही सुरक्षेची लायब्ररी घातली की एक ओळ न लिहिता सगळे पत्ते पासवर्ड मागू लागतात. त्यामुळे ‘असू दे, काय बिघडतंय’ हे उत्तर मी कुणालाही देत नाही, आमच्या टीममधल्या मुलांनाही देऊ देत नाही. डेव्हटूल्स (प्रोग्रॅमरांची साधनं) आणि चाचणीच्या लायब्रऱ्या तुमच्याकडे येणाऱ्या पॅकेजमध्ये नसतात. त्यापुढे काही काढायचं तर कारण हवं आणि काढल्यावर सगळे रिपोर्ट चालवून पाहायला हवेत.

राहिला कागदाचा प्रश्न. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सायक्लोनडीएक्स या अशा याद्यांच्या प्रचलित नमुन्यातली तशी यादी तुमच्या चालू आवृत्तीसाठी तयार आहे आणि तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवली आहे. प्रत्येक घटक कशामुळे आला हेही त्यात दिसतं, त्यामुळे ऑडिटरांना नावांवरून अंदाज बांधावा लागणार नाही. त्यातल्या ज्या ओळीवर त्यांची हरकत असेल ती कळवा. ती लायब्ररी खरंच काढता येत असेल तर पुढच्या आवृत्तीत काढू, नाहीतर कोणत्या स्क्रीनला ती लागते ते लेखी देऊ.

आणि तुमचा स्वतःचा टॉमकॅट असेल, तर आम्ही वॉर फाइल (तुमच्या सर्व्हरवर चढवायचं पॅकेज) देऊ शकतो. तिच्यासोबत आमचा टॉमकॅट चालणार नाही. मात्र टॉमकॅटचे सुरक्षा अपडेट तेव्हा तुमच्या आयटी विभागाला वेळेवर लावावे लागतील. आज ते आम्ही आवृत्तीसोबत पाठवतो. हा निर्णय तुमचा. त्यासाठी वेगळे पैसे आकारणार नाही.